तालमीची खोली आणि तिची किल्ली

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप. विषय : महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि कलेच्या संधी)



साठ वर्षे पूर्ण केलेल्या कोणत्याही मराठी शाळेच्या कार्यालयात दोन गोष्टी हमखास आढळतात. एक, शालान्त परीक्षेत प्रथम आलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचा फलक. आणि दुसरी, स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांचा संग्रह. फलकावरील नावांचे पुढे काय झाले हे शाळेला ठाऊक असते. कोणी अभियंता झाला, कोणी डॉक्टर झाली, कोणी परदेशी गेले. परंतु छायाचित्रांतील ज्या मुलीने एका वर्षी सर्वांना स्तब्ध करणारे नाट्यगीत म्हटले, जिने पडद्यावरचा देखावा एकटीने रंगवला, जिने एकपात्री प्रयोगात सभागृह जिंकले, तिच्या त्या गुणाचे पुढे काय झाले, याची नोंद बहुधा कोठेही सापडत नाही. ती महाविद्यालयात गेली, पदवीधर झाली, नोकरीला लागली. गाणे मात्र दहावीच्या निरोपसमारंभात थांबले.

हे असे का होते, असे विचारल्यास ठरलेले उत्तर मिळते : महाविद्यालयात संधी नसते. पण संधी म्हणजे नेमके काय? वर्षातून एकदा रंगमंचावर उभे राहण्याची पाच मिनिटे म्हणजे संधी काय? तसे असेल तर ती आज जवळपास प्रत्येक महाविद्यालयात आहे. तरीही गाणे थांबते. म्हणून या शब्दाचा अर्थ थोडा खोलात जाऊन पाहिला पाहिजे. त्यासाठी आज आपल्याला महाराष्ट्रापासून दूर, कोलकात्याच्या दक्षिण भागातील बालीगंज या वस्तीत जायचे आहे. स्त्रिया आणि कलाशिक्षण यांचे नाते तेथे पायरीपायरीने कसे घडले, हे पाहता येते; आणि त्या कथेचा एक धागा आपल्या मुलखातूनच निघालेला आहे.

बालीगंज म्हणजे आज गडियाहाटचा गजबजलेला बाजार, राशबिहारी अ‍ॅव्हेन्यूवरची साड्यांची दुकाने आणि जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे शहराच्या कडेचे, बागबगीच्यांचे उपनगर होते. आज गुरुसदय मार्ग म्हणून ओळखला जाणारा तेथील रस्ता पूर्वी स्टोअर रोड या नावाने प्रसिद्ध होता. भारतीय सनदी सेवेतील पहिले भारतीय अधिकारी आणि रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर निवृत्तीनंतर याच रस्त्यावर राहत. सत्येंद्रनाथांची नोकरी झाली ती मुंबई इलाख्यात. अहमदाबाद, पुणे, सोलापूर, कारवार, सातारा अशा गावी त्यांनी काम केले, ते मराठी शिकले, तुकोबांच्या अभंगांचे त्यांनी बंगालीत भाषांतर केले आणि १८९७ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांची कन्या इंदिरा हिचा जन्म १८७३ साली विजापूरजवळच्या कलादगी येथे झाला. हीच कन्या पुढे इंदिरादेवी चौधुराणी या नावाने बंगालच्या संगीतविश्वात आदरणीय ठरली. तिचे सासर आणि माहेर दोन्ही बालीगंजात होते.

इंदिरादेवींकडे येण्याआधी एक घटना पाहणे आवश्यक आहे, कारण पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज तिच्यात आहे. रवींद्रनाथांची बहीण स्वर्णकुमारी देवी या बंगालीतील नामवंत कादंबरीकार. त्यांनी १८८६ मध्ये ‘सखी समिती’ नावाची स्त्रियांची संस्था काढली. विधवा आणि अनाथ मुलींना आधार द्यावा, त्यांना शिकवून शिक्षिका म्हणून उभे करावे, हा तिचा हेतू. यासाठी पैसा हवा होता. तो देणग्यांच्या याचनेवर न सोडता स्त्रियांनीच उभा करावा, असे ठरले आणि १८८८ च्या डिसेंबरात बेथून कॉलेजच्या आवारात ‘महिला शिल्पमेळा’ भरला. ढाक्याच्या आणि शांतिपूरच्या साड्या, कृष्णनगर आणि बीरभूमच्या वस्तू, शिवाय काश्मीर, जयपूर, आग्रा आणि मुंबई येथील हस्तकलेचे नमुने तेथे मांडले गेले. त्याच मेळ्यात ‘मायार खेला’ ही गीतनाटिका रंगली. ती रवींद्रनाथांनी लिहिली होती. पण लिहिली ती सरला राय या विदुषीच्या आग्रहावरून, आणि अर्पण केली तीही त्यांनाच. नाटिकेतल्या स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या सर्व भूमिका स्त्रियांनी केल्या. प्रेक्षकही स्त्रियाच होत्या.

या प्रसंगाचे वर्णन करताना सहसा असे म्हटले जाते की, थोर कवीने स्त्रियांसाठी नाटिका लिहून त्यांना संधी दिली. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मेळा स्त्रियांचा, हेतू स्त्रियांचा, जागा स्त्रियांच्या महाविद्यालयाची, आणि कवीला लिहायला लावणारी व्यक्तीही स्त्री. कवी अर्थातच मोठा होता. परंतु कार्यक्रम कोणता, कधी, कोणासाठी आणि त्यातून येणाऱ्या पैशांचे काय करायचे, हे ठरवणाऱ्या स्त्रिया होत्या. सभागृहाची किल्ली, म्हणायचे तर, त्यांच्या हाती होती. बेथून साहेबांनी १८४९ मध्ये काढलेल्या शाळेला महाविद्यालयाचे वर्ग जोडले जाऊन तेव्हा दहा वर्षेही झालेली नव्हती. चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी बसू या पहिल्या दोन पदवीधर स्त्रियांना पदवी मिळून अवघी पाच वर्षे लोटली होती. इतक्या अल्पावधीत त्या आवारात परीक्षेच्या बरोबरीने रंगमंचही उभा राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी रंगमंचावर उभे राहणे हे धाडस का होते, हे आजच्या विद्यार्थिनींना सांगावे लागेल. कोलकात्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर १८७३ पासून स्त्रिया भूमिका करीत होत्या. त्यांतील नटी विनोदिनी ही विलक्षण प्रतिभेची अभिनेत्री. जे नाट्यगृह उभे राहावे म्हणून तिने स्वतःच्या आयुष्याची किंमत मोजली, त्याला तिचे नाव मिळेल अशी तिची आशा होती. प्रत्यक्षात १८८३ मध्ये त्याचे नाव ‘स्टार’ ठेवण्यात आले. पुढे तीनचार वर्षांतच, ऐन उमेदीच्या वयात, तिने रंगभूमी सोडली. म्हणजे समाजाने स्त्रियांची सरळ दोन भागांत वाटणी केली होती. जिच्याकडे कला होती तिला प्रतिष्ठा नव्हती, आणि जिच्याकडे प्रतिष्ठा होती तिला कला लोकांसमोर आणण्याची मुभा नव्हती. १८८१ साली जोडासाँको येथील घरात ‘वाल्मीकि-प्रतिभा’ झाली, तेव्हा रवींद्रनाथांची पुतणी प्रतिभा सरस्वतीच्या भूमिकेत निमंत्रित पाहुण्यांसमोर उभी राहिली. ती घटना गाजली ती याच कारणाने.

महाराष्ट्रातही ही भिंत होतीच. आपल्या संगीत रंगभूमीचे वैभव ज्या काळात शिगेला पोहोचले, त्या काळात नायिकेचा शालू बहुधा पुरुषाच्या अंगावर होता. १९२० नंतरच्या दशकात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, शालीन आणि आत्मविश्वासपूर्ण बैठकीने श्रोत्यांचा आदर मिळवला, तेव्हा स्त्रीच्या गाण्याला सभागृहाची प्रतिष्ठा लाभू लागली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले, तेव्हा ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि सुशिक्षित घरातील स्त्री रंगभूमीवर येऊ शकते हे मराठी प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिले. तोवर ‘मायार खेला’ला पंचेचाळीस वर्षे झाली होती. तुलना करून कोणाला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच की, ही भिंत कशाने खचते? एकट्या व्यक्तीच्या धैर्याने तिला भगदाड पडते. परंतु त्या भगदाडातून दुसरी, तिसरी, शंभरावी मुलगी निर्धास्त जावी, यासाठी तेथे दार बसवावे लागते. दार बसवण्याचे काम संस्था करते.

आता बालीगंजात परत येऊ. इंदिरादेवी १८९२ मध्ये फ्रेंच विषय घेऊन बी. ए. झाल्या आणि स्त्रियांत प्रथम आल्याबद्दल कलकत्ता विद्यापीठाचे पद्मावती पदक त्यांना मिळाले. पियानो, व्हायोलिन आणि हिंदुस्थानी गायकी या तिन्हींचे शिक्षण त्यांना लाभले होते. त्यांचा विवाह साहित्यिक प्रमथ चौधुरी यांच्याशी झाला. १९१४ मध्ये निघालेले आणि बंगाली गद्याला बोलीचे वळण देणारे ‘सबुज पत्र’ हे मासिक याच प्रमथबाबूंचे. प्रमथ यांचे थोरले बंधू आशुतोष चौधुरी यांच्या नावाचा हमरस्ता आजही बालीगंजात आहे. आणि आशुतोष यांच्या पत्नी म्हणजे सरस्वतीची भूमिका केलेल्या त्याच प्रतिभादेवी. अशा रीतीने माहेरच्या दोन चुलत बहिणी सासरी जावा झाल्या.

या दोघींनी जे केले ते आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. प्रतिभादेवींनी १९११ मध्ये ‘संगीत संघ’ स्थापन केला आणि संगीताचे पद्धतशीर शिक्षण सुरू केले. १९१३ मध्ये दोघींच्या संपादकत्वाखाली ‘आनंद संगीत पत्रिका’ निघू लागली. संगीताला वाहिलेले आणि स्त्रियांनी संपादिलेले मासिक त्या काळात निघावे, ही साधी गोष्ट नव्हे. गाणे ज्या स्वरांत गायले गेले ते स्वर लिहून ठेवायचे, तपासायचे, छापायचे आणि दूरच्या गावी, गुरूविना असलेल्या विद्यार्थिनीपर्यंत पोहोचवायचे, हे काम त्यांनी अंगावर घेतले. ‘मायार खेला’ची स्वरलिपी इंदिरादेवींनीच तयार केली. रवींद्रनाथांची गाणी आज ज्या शुद्धतेने गायली जातात, त्यामागे ज्या मोजक्या मंडळींचे लेखनश्रम आहेत, त्यांत इंदिरादेवींचे नाव अग्रभागी येते. परप्रांतीय आणि परदेशी चालींवरून रवींद्रनाथांची कोणती गाणी घडली, याचा शोध घेणारे त्यांचे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. १९५६ मध्ये त्यांनी काही काळ विश्वभारती विद्यापीठाचे हंगामी उपाचार्यपदही सांभाळले.

त्यांच्या नोंदीच्या सवयीचे आणखी एक उदाहरण प्रसिद्ध आहे. तरुण वयात काकांकडून आलेली पत्रे त्यांनी वह्यांमध्ये स्वहस्ते उतरवून ठेवली. त्या वह्यांतूनच १९१२ साली ‘छिन्नपत्र’ हे रवींद्रनाथांचे अजोड पत्रसाहित्य वाचकांसमोर आले. त्या मुलीने वही घातली नसती, तर भारतीय साहित्य एका अपूर्व ग्रंथाला मुकले असते. सांगायचे ते असे की, कलेच्या क्षेत्रात स्त्रीचे काम गळ्यापुरते किंवा पदन्यासापुरते मर्यादित नव्हते. शिकवणे, नोंदवणे, संपादणे आणि संस्था चालवणे ही सारी कामे त्यांनी केली. प्रयोग संपला की टाळ्या विरतात. स्वरलिपी पुढच्या पिढीच्या हाती पडते.

येथे एखादी चाणाक्ष विद्यार्थिनी प्रश्न विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. ठाकूर घराण्यातील मुलींचे ठीक आहे. त्यांच्या घरी पियानो होता, शिक्षक घरी येत, कवी घरातच होता. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तंबोरा ठेवायलाही कोपरा नाही, त्याचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. किंबहुना तोच आजचा मुख्य प्रश्न आहे. आपल्याकडील अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून चित्रकलेची पदविका मिळवली. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या आरंभीच्या भारतीय स्त्री-चित्रकारांपैकी त्या एक. त्यांच्या गुणवत्तेबद्दल शंका नाही. परंतु त्यांचे वडील रावबहादूर म. वि. धुरंधर हे त्याच संस्थेतील ख्यातनाम चित्रकार होते, हेही खरे. बंगाल असो वा महाराष्ट्र, पहिल्या पिढीतील कलावंत स्त्रियांच्या बाबतीत घर हेच बहुधा महाविद्यालय होते. ज्यांना असे घर लाभत नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयाने घर व्हावे लागते. सार्वजनिक शिक्षणाचा अर्थच तो आहे : जे काही घरांत जन्माने मिळते, ते सर्वांना प्रवेशाने मिळावे.

ज्यांच्या आग्रहावरून ‘मायार खेला’ लिहिली गेली त्या सरला राय यांनी हा अर्थ ओळखला होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि राय कुटुंब यांचा जवळचा स्नेह होता. मध्यवर्ती कायदेमंडळाचे काम त्या वेळी कलकत्त्यात चाले, त्यामुळे नामदारांचे तेथे वारंवार वास्तव्य होई. १९११ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी याच कायदेमंडळात मांडले होते. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९२० मध्ये, सरला राय यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिले ‘गोखले मेमोरियल’. १९३८ मध्ये तिला महाविद्यालय जोडले गेले. बालीगंजच्या शेजारी, भवानीपूर भागात, हरीश मुखर्जी मार्गावर ही संस्था आजही चालू आहे. कोतळूकसारख्या कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या मराठी माणसाचे नाव कोलकात्यातील हजारो बंगाली मुलींच्या प्रमाणपत्रांवर छापलेले आहे, ही गोष्ट मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात अभिमानाने सांगावी अशीच आहे.

त्याच सुमारास दक्षिण कोलकात्यात मुलींच्या उच्च शिक्षणाची मागणी झपाट्याने वाढली. १९३२ मध्ये आशुतोष कॉलेजने हाजरा भागात मुलींचे वर्ग सुरू केले. पुढे त्याचेच जोगमाया देवी कॉलेज झाले. १९४० मध्ये गडियाहाटजवळ मुरलीधर गर्ल्स कॉलेज आणि १९५९ मध्ये राशबिहारी अ‍ॅव्हेन्यूवर बसंती देवी कॉलेज उभे राहिले. यांतील हाजरा येथील व्यवस्था विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे एकाच वास्तूत सकाळी मुलींचे, दुपारी एक आणि सायंकाळी आणखी एक, अशी तीन महाविद्यालये नांदतात. जागा थोडी आणि शिकणारे पुष्कळ, अशा शहरात ही योजना शहाणपणाची होती. तिच्यामुळे असंख्य मुली पदवीधर झाल्या. परंतु कलेच्या दृष्टीने अशा व्यवस्थेत एक अडचण जन्मतःच असते. शेवटचा तास संपताच वर्ग दुसऱ्यांसाठी मोकळे करावे लागतात. तालीम करायची कोठे आणि केव्हा? व्याख्यान पन्नास मिनिटांत आटोपते. नाटकाची तालीम किंवा गाण्याचा रियाज पन्नास मिनिटांत जेमतेम रंगू लागतो. आपल्या महाराष्ट्रातही दोन सत्रांत चालणाऱ्या कित्येक कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांची हीच स्थिती आहे. म्हणून संधीचा पहिला अर्थ अगदी साधा आहे : एक खोली आणि ठरलेली वेळ.

दुसरा अर्थ आहे पाठीशी उभी राहणारी संस्था. १९२६ मध्ये शांतिनिकेतनात ‘नटीर पूजा’ हे केवळ स्त्रीपात्रांचे नाटक झाले. प्रख्यात चित्रकार नंदलाल बसू यांची कन्या गौरी हिने त्यातील नटीची भूमिका केली आणि अखेरचे नृत्य केले. पुढल्या वर्षी जानेवारीत हा प्रयोग कोलकात्यात, जोडासाँकोला करायचे ठरले. प्रतिष्ठित घरातील तरुण मुलगी शहरातल्या प्रेक्षकांसमोर नृत्य करणार, म्हणजे टीका होणार हे उघड होते. रवींद्रनाथांनी काय करावे? त्यांनी नाटकात भिक्षू उपालीचे एक नवे पात्र घातले आणि पासष्टी ओलांडलेल्या वयात ते स्वतः त्या भूमिकेत मुलींबरोबर रंगमंचावर उभे राहिले. जो काही दगड यायचा तो प्रथम आपल्यावर यावा, असा त्याचा अर्थ. प्राचार्य, प्राध्यापक आणि पालक यांनी विद्यार्थिनींच्या कलेसाठी काय करावे, याचा याहून स्पष्ट वस्तुपाठ शोधून सापडणार नाही. नाटक बसवताना मुलींना उशीर झाला आणि कोणी बोट दाखवले, की पहिली गोष्ट बंद होते ती तालीम. त्याऐवजी ज्येष्ठांनी त्या तालमीला जाऊन बसावे, मुलींच्या परतण्याची सोय पाहावी आणि तालीम चालू ठेवावी.

गौरीची पुढची वाटचालही पाहण्यासारखी आहे. लग्नानंतर त्या गौरी भंज झाल्या आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. त्याच कलाभवनात सुकुमारी देवी विद्यार्थ्यांना अल्पना शिकवीत. अल्पना म्हणजे बंगाली स्त्रिया सणावाराला, व्रतवैकल्याला तांदळाच्या पिठीच्या पाण्याने जमिनीवर बोटांनी रेखाटतात ती नक्षी. आपल्या रांगोळीची बहीणच. घरातल्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आणि कोणी कला म्हणून न ओळखलेले हे कौशल्य कलाशाळेच्या अभ्यासक्रमात आले आणि ते जाणणारी स्त्री शिक्षिका झाली. आपल्या भागातील विद्यार्थिनी महाविद्यालयात जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत. जात्यावरची ओवी, भोंडल्याची गाणी, मंगळागौरीचे खेळ, भारूड, गोधडीच्या टाक्यांची रचना आणि वारली स्त्रियांची लग्नचौकाची चित्रे असा ऐवज त्यांच्या घरी असतो. तो संमेलनातील ‘पारंपरिक वेशभूषा’ या रकान्यात बसवून मोकळे व्हायचे, की संगीत, रचनाकला आणि लोकसाहित्य यांचा अभ्यासविषय करायचा, हे महाविद्यालयाने ठरवायचे आहे.

तिसरा अर्थ आहे चरितार्थ. पालकांच्या मनात जी शंका असते ती टाळून चालणार नाही. ‘गाणे चांगले आहे, पण त्याने पोट भरेल का?’ हा प्रश्न विचारणारा बाप अरसिक नसतो; तो काळजीत असतो. दक्षिण कोलकात्याने या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला तो शिक्षणसंस्थांच्या द्वारेच. रवींद्रनाथांच्या निधनानंतर, १९४१ मध्ये ‘गीतबितान’ आणि १९४८ मध्ये ‘दक्षिणी’ या रवींद्रसंगीताच्या शाळा निघाल्या. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र अशी शिस्त त्यांनी लावली. १९६२ मध्ये रवींद्रभारती विद्यापीठ स्थापन झाले आणि संगीत, नृत्य, नाट्य, दृश्यकला यांत पदवी घेता येऊ लागली. परिणामी गाणाऱ्या मुलीपुढे मैफलीची गायिका होणे हा एकमेव मार्ग राहिला नाही. ती शाळेत संगीतशिक्षिका होऊ शकते, वर्ग काढू शकते, आकाशवाणीवर गाऊ शकते, स्वरलिपीचे संपादन करू शकते, संशोधन करू शकते. हिराबाई लाखांत एखादी होते; पण एका हिराबाईंच्या भोवती शेकडो शिक्षिका, वादक, संग्राहक आणि जाणत्या श्रोत्या लागतात, तेव्हा संगीत जिवंत राहते.

आता आपल्या दाराशी येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील कडक भिंती दूर कराव्यात असे म्हटले आहे. म्हणजे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीने गायन किंवा चित्रकला शिकून त्याचे श्रेयांक मिळवावेत, ही वाट कागदावर तरी मोकळी झाली आहे. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने महाविद्यालयीन रंगमंचावरून मराठीला किती कलावंत दिले, हे सर्वज्ञात आहे. साधने अगदीच नाहीत असे नव्हे. उणीव आहे ती मुलींच्या हाती सूत्रे देण्याची. पुष्कळ ठिकाणी दृश्य असे दिसते : नाटकात मुली भूमिका करतात, दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना मुलगे पाहतात. समूहगीतात मुली गातात, चाल आणि वाद्यमेळ दुसरे कोणी ठरवते. सजावट मुली करतात, खर्चाचा हिशेब कार्यालय ठेवते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो; सवय असते. परंतु १८८८ च्या त्या मेळ्याने शिकवले ते हेच की, जी स्त्री हिशेब ठेवते, विषय निवडते, लेखकाला लिहायला सांगते, तीच पुढे संस्था उभारते. सरला राय रंगमंचासमोर नुसत्या बसून राहिल्या असत्या, तर १९२० ची शाळा आणि १९३८ चे महाविद्यालय कोठून आले असते?

म्हणून महाविद्यालयांकडे मागणी करताना ती मोघम असू नये. आठवड्यातील ठरलेले दोन दिवस, ठरलेल्या वेळी एक खोली तालमीसाठी मोकळी मिळावी आणि तिची किल्ली विद्यार्थिनींच्या समितीकडे असावी. कलामंडळाची तरतूद किती, हे त्या समितीला वर्षारंभी कळावे आणि खर्चाची वही तिनेच लिहावी. गुरू मानधनावर, नियमित यावा; स्पर्धेच्या आधी आठ दिवस आणलेला नृत्यदिग्दर्शक हा गुरू नव्हे. आणि प्रत्येक प्रयोगाची संहिता, चाल, रेखाटने, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रण ग्रंथालयात जमा व्हावे. यांतील कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. इच्छा आणि विश्वास मात्र लागतो.

शाळेचे कर्तव्य यापेक्षा वेगळे नाही, ते फक्त आधी सुरू होते. ज्या मुलीने आठवीत तालमीचे वेळापत्रक स्वतः आखले, ती महाविद्यालयात खोली मागायला संकोचणार नाही. जिला शाळेत वही घालण्याची सवय लागली, ती पुढे आपल्या आजीच्या ओव्या आजीबरोबर नाहीशा होऊ देणार नाही. मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी इंग्रजी वातावरणाच्या महाविद्यालयात पहिले वर्षभर अबोल राहते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. तिच्या बाबतीत कला हा मौन सुटण्याचा मार्ग ठरू शकतो. कारण सूर, रेषा आणि अभिनय यांना माध्यमाची अडचण नसते. एकदा तिचे गाणे ऐकले गेले, की तिचे बोलणेही ऐकले जाते.

माजी विद्यार्थिनींना या प्रसंगी एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी ज्यांचे गाणे, चित्र, नाटक वाटेत कोठे तरी थांबले, त्यांनी ते पुन्हा सुरू करावे. इंदिरादेवींचा महत्त्वाचा ग्रंथ ऐंशीनंतर आला, हे आपण पाहिलेच. ते शक्य नसेल तर निदान शाळेतील एका मुलीला आठवड्यातून एक तास द्यावा. आणि पुढील वर्षी महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थिनींनो, प्रवेशअर्ज भरताना ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांची जशी चौकशी कराल, तशीच तालमीची खोली कोठे आहे आणि ती किती वाजेपर्यंत उघडी असते, याचीही चौकशी करा. उत्तर मिळाले नाही, तर चौघीजणी मिळून लेखी अर्ज द्या.

शाळेच्या फलकावर पुढील साठ वर्षांत अनेक नावे चढतील. त्या शेजारी आणखी एक फलक लागावा, त्यावर गाणाऱ्या, चितारणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि नाटक बसवणाऱ्या विद्यार्थिनींची पुढची वाटचाल नोंदली जावी, आणि अमृतमहोत्सवाच्या वेळी तो भरलेला दिसावा, अशी सदिच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे संपते.